काचेवरचं ओलं अक्षर

चंद्रपूर शहर व पंचक्रोशीतील तमाम सुजाण नागरिकांस, तसेच ज्यांना आमच्या खानदानाशी काडीचंही देणंघेणं नाही अशा इतर सर्वांसही, या प्रकरणाद्वारे कळविण्यात येते की, आमच्या घरात संगणकाचं पहिलं आगमन भाजीच्या पिशवीतून, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून, झालं. तो संगणक आमच्याकडे धड दोन दिवसही राहिला नाही. पण तेवढ्या मुक्कामात त्याची मिरच्यांनी दृष्ट काढून झाली, त्याचा पेन टर्पेंटाइनच्या डब्यात बुडवून झाला आणि शेवटी त्याला भर मे महिन्यात अंगणात वाळत घालण्यात आलं. यातली एकही गोष्ट कोणी मूर्खपणानं केली नाही, हे मी सुरुवातीलाच नोंदवून ठेवते. आमच्या घरात जे काही चुकायचं ते नेहमी कामाच्या शिस्तीत चुकायचं.

माझे अब्बा म्हणजे रफिक पेंटर. परकोटाच्या आत आमचं दोन खोल्यांचं घर होतं आणि घरापेक्षा मोठं अंगण. अब्बांचं अक्षर चंद्रपुरात तर होतंच, पण वर ब्रह्मपुरीच्या धानाच्या गिरण्यांवर होतं, खाली अहेरीकडच्या शाळांच्या भिंतींवर होतं, आणि मधल्या जंगलात 'आग लावू नका' म्हणून झाडांना सांगत उभं होतं. दुकानाची पाटी घेतली की अब्बा आधी वर मधोमध 'श्री' काढायचे. आयुष्यात त्यांनी जेवढे 'श्री' काढले तेवढे एखाद्या पुजाऱ्यानं म्हटले नसतील. गिऱ्हाईक म्हणायचं, "रफिकभाऊ, तुमच्या हाताचा श्री लाभते." अब्बा हसून ब्रश पुसायचे. त्यांना तो 'श्री' कधी लाभल्याचं मात्र आमच्या अंगणाला आठवत नाही.

त्या अंगणाची मालकीण अम्मी होती. पाटी रंगवणं अब्बांचं, पाटी वाळवणं अम्मीचं, अशी लग्न झाल्यापासूनची वाटणी होती. चंद्रपुरात पाटी वाळवणं हे साधं काम नव्हे. इथल्या हवेत कोळशाची बारीक पूड असते. सकाळी झाडलेला ओटा दुपारी बोट फिरवलं की काळा. ओल्या पांढऱ्या रंगावर ती पूड बसली की पाटीला देवी निघाल्यासारखं दिसतं. म्हणून अम्मीनं स्वतःचं शास्त्र तयार केलं होतं. पाटी वाळवायची ती बारा ते दोनमध्येच, जेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नसतं, धूळ उडत नाही आणि ऊन असं असतं की रंगावर पूड बसायच्या आत रंग सुकून मोकळा होतो. पाटी उचलायची ती फक्त बोटांच्या टोकांनी, कडेला धरून. अंगणात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला, मग तो पाहुणा असो, पोस्टमन असो, नाहीतर माझ्यासाठी स्थळ घेऊन आलेली मामी असो, आतून पहिली आरोळी जायची, "गीला है! दूर से आओ!" आमच्या घरात सलामाच्या आधी हे ऐकू यायचं. आम्ही बोलायचो ती हिंदी होती, मराठी होती की दोन्हींची खिचडी होती, हे आजवर कोणाला ठरवता आलेलं नाही. मी इथं ती बहुतेक मराठीच्या ताटात वाढते आहे.

तर त्या दिवसांत घरात एक थकवा साचत चालला होता. फ्लेक्स आला होता. जी पाटी अब्बा तीन दिवसांत काढायचे ती तासाभरात छापून, गुंडाळून, बगलेत मारून गिऱ्हाईक घरी न्यायचं. शहरातलं काम आटलं तसं अब्बांचं फिरणं वाढलं. मे महिन्यात शाळांना सुट्टी, म्हणजे शाळांच्या भिंती रिकाम्या, म्हणजे अब्बा अहेरीच्या बसमध्ये. पाढे, नकाशे, मोठमोठी वाक्यं, आणि त्या वाक्यांसाठी शिडी. आदल्या वर्षी ब्रह्मपुरीला एका गिरणीच्या भिंतीवरून ते शिडीसकट खाली आले होते. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून उठताना ते आधी जमिनीकडे बघायचे, मग माझ्याकडे. संध्याकाळी घरी आले की सायकल भिंतीला टेकवून तिच्या शेजारीच दोन मिनिटं उभे राहायचे, जणू त्यांनाही कोणीतरी तिथं टेकवून ठेवलंय. अम्मी कैरीची आंबट डाळ आणि भात वाढायची, बाजारात आली असली तर रानातली टेंभरं फोडून ठेवायची. अब्बा दोन घास खाऊन म्हणायचे, "बस." घरात त्या उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऐकलेला शब्द तो. कूलरची घरघर आणि अब्बांचं 'बस'.

मी बारावीनंतर कॉम्प्युटर टायपिंग शिकले होते आणि गावातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात काम करत होते. हो, फ्लेक्सच्याच. बाप ज्या आगीत पोळत होता तिच्यात मुलगी लाकडं सारत होती, असं कोणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. अब्बांनी कधी म्हटलं नाही. फक्त पहिल्या दिवशी मी छापलेली पाटी बघून म्हणाले होते, "बेटा, यातल्या प्रत्येक 'र'ची पाठ सारखीच आहे. कोणीच वाकत नाई का?"

दुकानाचे मालक सुधाकरभाऊ. पोट पुढं, मन त्याच्याही पुढं. एका दुपारी ब्रह्मपुरीचा एक गृहस्थ भोजनालयाची पाटी न्यायला आला आणि मी अर्धा दिवस घालून तयार केलेलं काम बघून म्हणाला, "हे अक्षर तं तेराव्याच्या पत्रिकेवानी दिसते. लोकं जेवाले येतीन का सांत्वनाले? मले रफिक पेंटरचं अक्षर पाह्यजे. पण फ्लेक्सवर पाह्यजे." सुधाकरभाऊंनी डोकं खाजवलं. आमच्याकडे तेव्हा मराठीची चार-पाच अक्षरवळणं होती, आणि बारशापासून तेराव्यापर्यंत सगळा संसार त्यांतच चालायचा.

योग असा की त्याच आठवड्यात सुधाकरभाऊंचा साळा पुण्याहून सुट्टीवर आला होता. त्याच्याकडे एक मशीन होती. दिसायला लॅपटॉप, पण पडदा गर्रकन फिरवून उलटा झोपवला की पाटी व्हायची, आणि त्या पाटीवर एका खास पेननं लिहिता यायचं. आता सगळ्यांच्या हातात तसली काच असते आणि बोट फिरवलं की जग हलतं. तिला बोटाची ओळख नव्हती. ती फक्त आपल्या पेनला ओळखायची, जशी मानी सून फक्त नवऱ्याला. वजनाला वरवंट्यासारखी, आणि चालू केली की आतून पंख्याचा बारीक सुस्कारा यायचा.

सुधाकरभाऊंनी ती माझ्या हातात दिली. "घरी ने. रफिकभाऊले लिहून पाहू दे. 'अन्नपूर्णा भोजनालय' एवढंच पाह्यजे. उद्या संध्याकाळी मी सोता येतो न्याले, परवा साळा चालला पुण्याले. जमलं ना पोरी, तं ते पंख्याखालची खुर्ची तुह्या बापाची. कायमची. मंग कशाले जाते तो शिडीवर?"

मी ती खुर्ची बघितली. हिरव्या प्लास्टिकची, एक हात तुटलेला. मला तिच्याइतकं सुंदर सिंहासन पुन्हा कुठं दिसलं नाही. रविवारी अब्बांची अहेरीची बस होती. मी मशीन पिशवीत घातली, चोरांच्या डोळ्यांत धूळ म्हणून वर कोथिंबीर ठेवली आणि रिक्षा न करता चालत निघाले, कारण रिक्षा हलते.

घरी अम्मीनं कोथिंबीर काढून घेतली, खाली बघितलं आणि म्हणाली, "हे कोणाचं?" मी सांगितलं. तिनं आधी मिरच्या ओवाळल्या. मग अब्बा आले. त्यांनी हातपाय धुतले, खांद्यावरचा पंचा खाली अंथरला, त्यावर मशीन ठेवायला लावली आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले. मी पडदा फिरवला, झोपवला, पांढरं पान उघडलं. अब्बांनी त्या पांढऱ्याकडे बराच वेळ बघितलं.

"रंग कुठी हाय?"

"आतच आहे, अब्बा. इथं पेन टेकवा. हे बघा, लाल झाला."

"डबा?"

"डबा नाई."

"मंग पातळ कसा करतात?"

"पातळ करायचा नसते."

"म्हणजे जसा देतीन तसा घ्यायचा," अब्बा म्हणाले आणि मागं वळून त्यांनी निळीचा दोरा काढला. पाटीवर सरळ रेघ हवी असेल तर निळीत बुडवलेला दोरा दोन्ही टोकांना ताणून धरायचा आणि मधे उचलून टपकन सोडायचा. दोऱ्याचं दुसरं टोक धरायला अम्मी सरसावलीसुद्धा होती. मी अक्षरशः मधे आडवी पडले. त्या काचेवर निळीचा भुगा पडला असता तर सुधाकरभाऊंच्या साळ्यानं पुण्याला जाताना मला सोबत नेऊन विकलं असतं. रेघ आतूनच काढता येते हे मी दाखवलं. अब्बांनी मान हलवली, पण दोरा गुंडाळून जवळच ठेवला, गरज पडली तर असावा म्हणून.

पहिली रेघ लाल ओढली. मग काळा हवा होता. मी काळ्यावर पेन कसा टेकवायचा ते सांगत होते, तेवढ्यात अब्बांनी तीस वर्षांच्या सवयीनं पेन शेजारच्या टर्पेंटाइनच्या डब्यात बुचकळला, दोनदा खळखळला आणि चिंधीनं पुसला. मी किंचाळले. अब्बा माझ्यापेक्षा जास्त दचकले. म्हणाले, "लाल पेन काळ्यात घालू? हेच शिकवलं का तुले मी?" मी तो पेन ओढणीनं पुसला, फुंकला, हातात धरून जे येतं ते पुटपुटले. पेन वाचला. चांगल्या मातीचा असावा.

मग अब्बांनी 'क' काढला. नवीन ब्रश आणला की ते आधी 'क' काढून बघायचे. म्हणायचे, यात उभी रेघ आहे, गोल आहे आणि खाली सोडलेलं शेपूट आहे, ब्रशची सगळी परीक्षा होते. त्यांनी मनगट हवेत उचलून धरलं होतं, कारण ओल्या रंगाला हात लागता कामा नये. मी म्हटलं, "अब्बा, टेकवा हात, इथं काही पुसत नाई." त्यांनी टेकवला. लगेच उचलला. पुन्हा टेकवला, पुन्हा उचलला. हातच ऐकेना. आणि त्या अधांतरी हातानं काढलेला 'क' काचेवर उमटला तो असा, की उभी रेघ उभी नव्हती. ती कापत खाली आली होती.

"पेन खराब हाय," अब्बा म्हणाले.

आता मी जे केलं ते लिहायला मला आजही जड जातं. माझा हेतू मशीनची बाजू घेण्याचा नव्हता. मी फक्त पेन घेतला, म्हटलं, "बघू," आणि वरून खाली एक रेघ ओढली. सरळ आली. तारेसारखी.

अब्बांनी त्या दोन रेघांकडे बघितलं. अम्मीनं माझ्याकडे बघितलं आणि मोठ्यानं म्हणाली, "चला, जेवून घ्या, डाळ थंडी होऊन राह्यली." डाळ चुलीवर उकळत होती.

ब्रशला केस असतात. हात थोडा हलला तर ते केस ते हलणं आपल्या अंगावर घेतात, रंग दोन्ही बाजूंना पसरतो आणि रेघ सांभाळली जाते. शिवाय अब्बांची काठी असायची, टोकाला चिंधीचा बोळा बांधलेली. डाव्या हातात ती आडवी धरून तिच्यावर उजवं मनगट टेकवायचं. एवढ्या सगळ्यांनी मिळून किती दिवस झाकलं होतं कोण जाणे. त्या प्लास्टिकच्या पेनला केस नव्हते. त्यानं काहीही झाकलं नाही. आणि मग जेवताना मला एकेक दिसायला लागलं. अम्मी गेले काही महिने अब्बांना चहा अर्धाच कप देत होती आणि संपला की पुन्हा अर्धा. मला वाटायचं, दुधाची काटकसर. पाटीची बारीक किनार अम्मी मारायला लागली होती. मला वाटायचं, अब्बा दमतात. दोघांनी मिळून एक हात माझ्यापासून, गिऱ्हाइकांपासून, सगळ्या गावापासून लपवला होता आणि मी त्यांच्यात बसून रोज जेवत होते.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी सकाळी दुकानात गेले. नंतर घरात काय झालं ते मला अम्मीकडून कळलं आणि मी तिचा शब्द आजही खरा मानते. अब्बा सकाळभर मशीन मांडीवर घेऊन बसले. काढलं, पुसलं. काढलं, पुसलं. पुसायचं मी शिकवून ठेवलं होतं, तेवढं पक्कं झालं. मग ते एकदम उठले आणि म्हणाले, "पाटी काय मांडीवर घेऊन काढतात?" त्यांनी मशीन उचलून भिंतीतल्या फळीवर उभी केली, मागून वीट लावली. समोर पाय रोवून उभे राहिले. काठी काढली, बोळा पडद्याच्या काळ्या चौकटीवर टेकवला, त्यावर मनगट ठेवलं, आणि मनगटानं नाही तर खांद्यापासून हात फिरवत 'अन्नपूर्णा भोजनालय' एका दमात काढलं. अम्मी म्हणाली, "पूर्णाचं पोट असं आलं, असं आलं, की मले आपलं लग्न झालं त्या वर्षीचं यांचं अक्षर आठवलं." अब्बा दोन पावलं मागं सरकले, मान तिरकी करून बघितलं, काठी ठेवली, "झालं," म्हणाले, आणि आंघोळ करून, पांढरा कुर्ता घालून जुम्म्याच्या नमाजला गेले.

पाटी झाली होती. घड्याळात बारा वाजून गेले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अम्मीनं हात धुऊन कोरडे केले, मशीन फळीवरून फक्त बोटांच्या टोकांनी कडेला धरून उचलली, अंगणातल्या बाजेवर भिंतीला टेकवून, तोंड उन्हाकडे करून ठेवली आणि सावलीत बसून तिची राखण करायला लागली. मी जेवायला एक वाजता घरी पोचले तेव्हा तिनं मला फाटकातच थांबवलं. "गीला है! दूर से आ!"

चंद्रपूरचं मे महिन्यातलं ऊन ज्यांनी खाल्लं नाही त्यांना मी काय सांगू. त्या उन्हात दाराची कडी हातानं उघडता येत नाही. मी धावत गेले. पडदा काळा होता. मशीनचा सुस्कारा थांबला होता. हात लावला तर तव्याला लागल्यासारखा भाजला. मी ती ओढणीत धरून आत आणली आणि अम्मीवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही, पण "अक्कल" हा शब्द त्यात होता, आणि माझ्या अम्मीला मी तो वापरला. ती म्हणाली, "पाटी होती ना शब्बो? यायनं झालं म्हटलं होतं." मी म्हटलं, "यात रंग नसते अम्मी! यात काहीच ओलं नसते!" ती म्हणाली, "मले कोणी सांगतलं?"

खरंच कोणी सांगितलं नव्हतं.

अब्बा दोनच्या सुमाराला आले. टोपी काढून त्यांनी बाजेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी सांगितलं. त्यांनी मशीनचं विचारलं नाही. विचारलं, "अक्षर?" मी म्हटलं, "गेलं असेल, अब्बा. जतन केलं नव्हतं." ते आणि अम्मी एकमेकांकडे बघत राहिले. ते अक्षर जगात दोघांनीच बघितलं होतं. मग अब्बाही बोलले, हळू आवाजात, ते जास्त लागतं. "पंचवीस वर्षं पाट्या वाळवल्या. एक दिवस विचारलं असतं तं?" अम्मी उठून आतल्या खोलीत गेली आणि पडदा ओढून घेतला. दुपारभर ती बाहेर आली नाही. आम्ही दोघं मशीनला माठाच्या शेजारी सावलीत ठेवून, पुठ्ठ्यानं वारा घालत बसलो, एखाद्या आजाऱ्याला घालतात तसा. कधी मी, कधी अब्बा. अब्बांच्या हातातला पुठ्ठा थरथरायचा. आता मी बघत होते आणि त्यांना ते ठाऊक होतं, आणि दोघंही वारा घालत होतो.

चार-साडेचारला मशीन उठली. पडदा उजळला, सुस्कारा सुरू झाला. कोपऱ्यात एक पिवळट डाग पडला होता. अक्षर नव्हतं, पांढरं पान होतं. मशीन चालत होती, पण बरी झाली होती की आतून काही जळलं होतं हे सांगणारा डॉक्टर आमच्याकडे नव्हता. अब्बांनी तिला पुन्हा फळीवर उभं करायला हात घातला, तोच बाहेर स्कूटर थांबली. सुधाकरभाऊ ठरल्यापेक्षा तासभर आधी आले होते. साळ्याला सामान बांधायचं होतं.

मी पाणी दिलं आणि सगळं सांगून टाकलं. न सांगून जाणार कुठं? डाग दिसत होता. सुधाकरभाऊंचा गडवा हातातच राहिला. "उन्हात?" ते म्हणाले. "भाभीनं? घंटाभर?" मग त्यांनी तो डाग अंगठ्यानं घासून बघितला. रागावले नाहीत. शेवटी म्हणाले, "बरं, चालते तं आहे. रफिकभाऊ, काढून दाखवा बरं एकदा."

फळी नाही, वीट नाही, काठी पलीकडे कोपऱ्यात. मशीन सुधाकरभाऊंच्या मांडीवरच होती. समोर वाकून, दोन-अडीच तास वारा घातलेल्या हातानं, अब्बांनी 'अ' काढायला घेतला. तो 'अ' मी तुम्हाला वर्णन करून दाखवणार नाही. ते अर्ध्यातच थांबले.

सुधाकरभाऊंनी त्या 'अ'कडे बघितलं, अब्बांकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम सुटला. त्यांना कारण सापडलं होतं. "असं कसं येईन सरळ!" ते जवळजवळ आनंदानं म्हणाले. "उन्हानं पेन गेला याचा. भाभीनं भाजून काढली ना मशीन! तुमचा काय दोष रफिकभाऊ? तीस वर्षांचं अक्षर काय असं असते? साळ्याले म्हणतो, पुढच्या खेपेले दुसरी आण. खुर्ची कुठी पळून राह्यली? तवापर्यंत तुमचीच समजा."

आतल्या खोलीत पडद्यामागं बांगड्या हलल्या आणि थांबल्या.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, कारण मला लोकांना ताटकळत ठेवायला आवडतं, पण या जागी नाही आवडत. त्या रविवारी अब्बा अहेरीला गेले. दिवाळीनंतर सुधाकरभाऊंनी त्यांना बोलावून त्या हिरव्या खुर्चीत बसवलं, पण हातात काही न देता. टाइप मी करायची आणि अब्बा मागून सांगायचे, "वेलांटी झोपली, उठव तिले. मात्रा एवढी दूर काऊन गेली, भांडण झालं का?" भोजनालयवाल्या गृहस्थाला अखेर जे अक्षर मिळालं ते अब्बांच्या डोळ्याचं आणि माझ्या हाताचं होतं, आणि त्यानं ते ओळखलं की नाही देव जाणे. जेवणानंतर अब्बा पंख्याखाली तिथंच डुलकी काढायचे आणि गिऱ्हाईक आलं की आम्ही हळू बोलायचो. आता माझ्याही मनगटाला कधी कधी बारीक कंप सुटतो. मी अजून घरात कोणाला सांगितलेलं नाही. चहा पूर्ण कप घेते आणि दोन्ही हातांनी धरते.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच कोणाला ठाऊक नव्हतं. सुधाकरभाऊंनी एक दार उघडून धरलं होतं. अब्बांनी फक्त मान हलवायची होती. हात लपून राहिला असता, अक्षराची इज्जत राहिली असती, खुर्ची राहिली असती. दोष एका ठिकाणी, पडद्यामागं बसलेल्या बाईवर ठेवून सगळे मोकळे झाले असते, आणि त्या बाईनंही तो मुकाट्यानं घेतला असता, कारण झाकायचं काम इतके महिने तिनंच केलं होतं.

अब्बांनी पेन मशीनच्या खाचेत नीट बसवला. पंच्यानं हात पुसले, रंग नसलेले हात.

"पेन बरोबर आहे, सुधाकरभाऊ," ते म्हणाले. "मशीन पण बरोबर आहे. सकाळी पण अशीच होती, काल पण अशीच होती. माझा हात हलते. सहा-सात महिने झाले. हिनं काई बिघडवलं नाई."

सुधाकरभाऊ खाली बघायला लागले. मी कूलरकडे बघत राहिले. अब्बा भिंतीला पाठ लावून बसले होते आणि त्यांच्या तोंडावर तोच शब्द होता, बस, पण तो त्यांनी म्हटला नाही.

तेवढ्यात आतला पडदा एका झटक्यात बाजूला झाला. डोक्यावरचा पदर सावरायचंही भान नसलेली, रडून डोळे सुजलेली माझी अम्मी दारात उभी राहिली. हाताची बातमी तिला जुनी होती. ती तिनं ऐकलीसुद्धा नव्हती. तिनं थेट सुधाकरभाऊंना विचारलं, इतक्या मोठ्यानं की शेजारच्या कबुतरांनी पत्र्यावरून उड्डाण केलं:

"म्हणजे मशीन मेली नाई? या अल्लाह, दुपारपासून पाण्याचा घोट गिळला नाई मी, भाऊ! शब्बो, उभी काऊन आहे तोंड पाहत, लोटा आण!"